असेटो कोर्सा: सोसायटीच्या स्पर्धेत गाड्यांचे गट आणि संगणकाच्या गाड्यांची ताकद कशी ठरवावी?

खारघरचा_पोटमाळा

नमस्कार. आमच्या खारघरच्या सोसायटीत गेल्या वर्षीपासून गणेशोत्सवात रेसिंग गेमची स्पर्धा घेतली जाते. मंडपामागच्या सभागृहात दोन संगणक, दोन स्टिअरिंग आणि प्रत्येकी एक पेडलसंच असा सारा संसार असतो. गेम २०१४ सालचा असेटो कोर्सा आहे, कारण तो आमच्या जुन्या यंत्रांवर सुरळीत चालतो. प्रत्येक स्पर्धक एकेकटा, संगणकाच्या सात गाड्यांविरुद्ध सहा फेऱ्यांची शर्यत खेळतो आणि कितवा आला यावर त्याचे गुण ठरतात. ट्रॅक दोन होते, इटलीतले मोंझा आणि माजोने.

तक्रारींची सुरुवात गाड्यांवरून झाली. वजन भागिले शक्ती असे गुणोत्तर काढून आम्ही एक गट तयार केला होता, त्यात बीएमडब्ल्यू वन एम आणि लोटस एलिस एससी या दोन्ही गाड्या बसल्या, आणि स्पर्धकाला त्यांतली कोणतीही निवडण्याची मुभा होती. प्रत्यक्षात मोंझावर बीएमडब्ल्यू घेणारे जिंकत गेले आणि माजोनेवर लोटसवाले. दुसरी अडचण प्रतिस्पर्धी म्हणून खेळणाऱ्या संगणकाची आहे. त्याची ताकद, म्हणजे तो किती वेगाने गाडी चालवेल हे ठरवणारा गेममधला आकडा, दोन्ही ट्रॅकवर ९० ठेवली होती, पण तो मोंझावर सुसाट आणि माजोनेवर अगदीच मवाळ वाटला. आमच्या इमारतीतला बारा वर्षांचा एक मुलगा (त्याचा पाय पेडलपर्यंत पुरेना, म्हणून आम्ही पेडलखाली जेवणाचा पाट सरकवला होता) मोंझाच्या प्रत्येक वळणावर संगणकाच्या गाडीला गाठायचा आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर पुन्हा मागे पडायचा. तिसऱ्या वेळी तो न बोलता उठून गेला, ते मला अजून आठवते.

गाड्यांचा गट नेमका कोणत्या निकषावर करावा आणि संगणकाची ताकद कशी बेतावी, हे जाणकारांनी सांगावे.

येऊरची_वळणे (ठाणे)

आपला गट गणिताने बरोबर आहे आणि रस्त्यावर चुकीचा आहे. बीएमडब्ल्यू वन एमची शक्ती सुमारे ३४० अश्वशक्ती आणि वजन सुमारे १,५०० किलो, म्हणजे दर अश्वशक्तीमागे ४.४ किलो. लोटस एलिस एससीची शक्ती सुमारे २२० आणि वजन सुमारे ९०० किलो, म्हणजे ४.१ किलो. चालकाचे ७५ किलो दोन्हीकडे धरले, तर हेच आकडे ४.६ आणि ४.४ होतात आणि गाड्या आणखी जवळ आल्यासारख्या दिसतात. आता कोणी म्हणेल की लोटसमध्ये ४०-४५ किलो टाका, म्हणजे हिशेब मिटला. तसे केलेत, तर मोंझावर आधीच मार खाणारी गाडी तुम्ही आणखी जड कराल.

याचे कारण असे की सरळ पट्ट्यावर एका मर्यादेनंतर गाडीची झुंज वजनाशी उरत नाही, ती हवेशी सुरू होते. हवेचा विरोध कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढत जाते. ताशी १६० किलोमीटरवरून २०० वर जायचे, तर त्या कामासाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. तेथे गुणोत्तर विचारत कोणी बसत नाही. ज्याच्याकडे ३४० आहेत, तो पुढे जातो. उलट ब्रेक लावताना आणि वळण घेताना हलकी गाडी जिंकते, कारण टायरला कमी वस्तुमान सांभाळावे लागते. मोंझाची एक फेरी ५.७९३ किलोमीटरची आणि तिचा मोठा भाग पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, जाणारा. माजोनेची जेमतेम अडीच किलोमीटरची आणि वळणावर वळण असलेली. म्हणून एकाच गटातून दोन वेगळे निकाल आले.

गेममध्ये आपल्या हाती दोन साधने आहेत: बॅलास्ट, म्हणजे जादा वजन, आणि रिस्ट्रिक्टर, म्हणजे इंजिनाकडे जाणारी हवा आवळणे. त्यांचा परिणाम एकसारखा होत नाही. बॅलास्टमुळे ब्रेक, वळण आणि वळणातून बाहेर पडतानाची उचल मंदावते, पण सर्वोच्च वेगाला फारसा धक्का लागत नाही. रिस्ट्रिक्टर नेमका इंजिन सर्वांत जोरात फिरत असताना, म्हणजे सरळ पट्ट्यावर चावतो. तेव्हा मोंझावर बीएमडब्ल्यूला रिस्ट्रिक्टर लावावा व लोटसला हात लावू नये, आणि माजोनेवर लोटसमध्ये वजन टाकावे व बीएमडब्ल्यू आहे तशी सोडावी. एक सूचना मात्र करतो: रिस्ट्रिक्टरचा टक्का म्हणजे शक्तीत झालेली टक्केवारीची घट नव्हे. पाच-पाचने वाढवत प्रत्येक टप्प्यावर फेऱ्या मोजा.

प्रत्यक्षातील जीटी३ शर्यतींतही (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून बनवलेल्या रेसिंग गाड्यांचा हा गट) वेगळे काही करत नाहीत. २००६ पासून चालत आलेल्या त्या गटात पुढे इंजिन असलेली मर्सिडीज, मध्ये इंजिन असलेली फेरारी आणि मागे इंजिन असलेली पोर्शे एकत्र धावतात, आणि त्यांना वजन, इंजिनाची शक्ती, जमिनीपासूनची उंची अशा बंधनांनी एका पातळीवर आणले जाते. यालाच बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात.

ऐरोली_मोजपट्टी

वरील विवेचन पटले. मी फक्त संगणकाच्या गाड्यांबद्दल लिहितो, कारण गट कितीही नीट केला तरी त्या बेतल्या नाहीत, तर मुले उठून जाणारच.

असेटो कोर्सामध्ये संगणकाची गाडी आपल्या गाडीच्याच भौतिकीवर चालते. काही गेममध्ये तिला वेगळे, सोपे नियम असतात, तसे येथे नाही. ती ट्रॅकच्या फोल्डरमध्ये नोंदवून ठेवलेल्या एका आदर्श रेषेचा माग काढत जाते आणि कोणत्या वळणावर किती वेग झेपेल याचा अंदाज बांधते. आता विचार करा: सरळ पट्ट्यावर अंदाज चुकायला जागाच नसते, थ्रॉटल पूर्ण दाबला की झाले. वळणावर मात्र तो अंदाज जपून बांधलेला असतो. त्यामुळे तोच ९० चा आकडा मोंझावर कडक आणि माजोनेवर मवाळ वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या त्या मुलाला वळणावर गाठता आले आणि पट्ट्यावर नाही, यात त्याचे कौशल्य कमी पडले असे मुळीच नाही.

ताकदीचा आकडा मनाने ठरवू नये, मोजून ठरवावा. प्रत्येक ट्रॅकवर, प्रत्येक गाडीसाठी, संगणकाला दोन वेगवेगळ्या आकड्यांवर पाच-पाच फेऱ्या पळवा. समजा, ८४ वर त्याची फेरी ९७.० सेकंदांची आली आणि ९६ वर ९३.४ ची. म्हणजे बारा अंकांना ३.६ सेकंद, एका अंकाला ०.३. तुमच्या स्पर्धकांच्या सरावातल्या सगळ्या फेऱ्या चढत्या क्रमाने मांडून मधली घ्या, ती ९५.५ ची निघाली, तर संगणक ८९ वर ठेवा. येथे सर्वोत्तम फेरी घेण्याचा मोह टाळावा. माणसाची सर्वोत्तम फेरी दिवसातून एकदा येते, आणि संगणक सहाच्या सहा फेऱ्या जवळपास सारख्याच काढतो. फेरीमागे १.२ सेकंदांचा फरक राहिला, तरी सहा फेऱ्यांत ७.२ सेकंद होतात आणि मधल्या फळीतला स्पर्धक थेट शेपटाला जातो.

कंटेंट मॅनेजर या पूरक प्रोग्रॅममध्ये प्रत्येक प्रतिस्पर्धी गाडीला स्वतंत्र ताकद, बॅलास्ट आणि रिस्ट्रिक्टर देता येतो. सात गाड्यांना एकच आकडा देण्याऐवजी ८५ ते ९३ असे पसरवून द्यावेत, म्हणजे कच्च्या खेळाडूला मागे टाकायला कोणीतरी मिळतो आणि पक्क्या खेळाडूला शेवटपर्यंत पाठलाग करावा लागतो. माझ्या मते या एका बदलाने निम्म्या तक्रारी मिटतील.

नेरुळ_कन्सोलवाली

मला या साऱ्या खटाटोपाबद्दलच शंका आहे. मी अनेक वर्षे कन्सोलवर खेळते. फोर्झा होरायझन ५ मध्ये प्रत्येक गाडीला एक निर्देशांक असतो, ५०१ ते ६०० म्हणजे सी, ६०१ ते ७०० म्हणजे बी, ७०१ ते ८०० म्हणजे ए, असे वर चढत जाणारे वर्ग. ग्रॅन टुरिस्मोमध्ये पीपी, म्हणजे परफॉर्मन्स पॉइंट्स, नावाचा आकडा आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे मेहनत करूनही खेळाडू काय करतात? ए वर्गात गाडी बरोबर ८०० वर आणून ठेवतात आणि त्या ट्रॅकला साजेशा दोन-तीनच गाड्या सगळीकडे दिसू लागतात. ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये तर ट्यूनिंगच्या युक्त्यांनी आकडा खाली दाखवून वेग राखण्याच्या वाटाही खेळाडूंनी शोधून काढल्या होत्या. जेथे आकडा आहे, तेथे त्याच्या कडेला जाऊन बसणारे असणारच.

तेव्हा सरळ सर्वांना एकच गाडी द्यावी, असे माझे मत आहे. आबार्थ ५०० ची रेसिंग आवृत्ती याच गेममध्ये आहे. ती पुढच्या चाकांवर चालणारी आणि चुका पोटात घालणारी आहे. संगणकालाही तीच द्या. मग ऐरोलीकरांची मोजणी दोन ट्रॅकसाठी दोनदा केली की पुरे, चार वेळा नको.

राहिला प्रश्न संगणकाच्या हुशारीचा. सोनीने ग्रॅन टुरिस्मो बनवणाऱ्या पोलिफनी डिजिटलच्या साथीने घडवलेल्या सोफी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चालकाने ग्रॅन टुरिस्मोच्या अव्वल खेळाडूंना हरवले आणि त्याचे संशोधन फेब्रुवारी २०२२ मध्ये नेचर नियतकालिकात आले. माणसाला हरवणारा प्रतिस्पर्धी घडवणे आता जमले आहे. गणपतीच्या मंडपात मात्र आपल्याला थोडक्यात हरणारा प्रतिस्पर्धी हवा असतो.

कोपरी_लिंबूटिंबू (ठाणे पूर्व)

एकच गाडी दिली तर स्पर्धा न्याय्य होईल हे मान्य, पण गाडी निवडण्यातली मजा जाईल आणि पुढच्या वर्षी निम्मे लोक येणार नाहीत. मोठ्यांना दोन गाड्या, मुलांना एकच आबार्थ, असा मध्यम मार्ग काढावा. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीत आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पडतात आणि कोवळ्या खोंडाला थोराड बैलासमोर कोणी जुंपत नाही.

काही गेममध्ये मागे पडलेल्या गाडीला गुपचूप वेग दिला जातो आणि पुढे गेलेल्याला खेचून धरले जाते, त्याला रबर बँडिंग म्हणतात. दहा वर्षांखालील मुलांसाठी, बक्षिसाविना, तसा एखादा कार्ट गेम बाजूला ठेवायला हरकत नाही. लिंबूटिंबूला आउट धरत नाहीत, तसेच ते. गुणांच्या स्पर्धेत मात्र ते नको, कारण पाच फेऱ्या नीट चालवून मिळवलेली आघाडी सहाव्या फेरीत कोणी पळवलेली कोणालाच आवडत नाही.

खारघरचा_पोटमाळा

सर्वांचे आभार. रविवारी दुपारभर मोजणी केली. मोंझावर बीएमडब्ल्यूचा रिस्ट्रिक्टर पाच-पाचने वाढवत गेलो, तेव्हा पहिल्या दोन टप्प्यांत फरक जाणवला नाही आणि तिसऱ्यात एकदम दिसला. ठाण्याच्या सरांचा इशारा खरा ठरला. आता दोन्ही गाड्यांच्या मधल्या फेरीत अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर आहे. माजोनेवर लोटसमध्ये वजन टाकून पाहिले, तेथे अजून काम बाकी आहे. संगणकाच्या ताकदी पसरवून दिल्या आहेत. मुलांसाठी नेरुळच्या ताईंची आबार्थ ठरली.

एक अडचण नवीन निघाली. मोंझाच्या पहिल्या शिकेनला, म्हणजे वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणाला, संगणकाच्या गाड्या गर्दीत आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर ब्रेक लावतात आणि मागून येणारा स्पर्धक थेट त्यांच्यावर आदळतो. आठ प्रयत्नांत पाचदा हेच झाले. सध्या प्रतिस्पर्धी सातावरून पाचावर आणले आहेत आणि स्पर्धकाला रांगेत तिसऱ्या जागेवर उभे केले आहे, त्याने धडका कमी झाल्या. याहून चांगला उपाय असल्यास कळवावा.

तो मुलगा काल आबार्थवर दहा फेऱ्या मारून गेला. पाट आता स्क्रूने फळीला बसवला आहे. माजोनेची मोजणी शनिवारी संध्याकाळी सात वाजता करणार आहोत. ऐरोलीकर, जमल्यास आपण यावे, आणि शक्य असल्यास स्टिअरिंगचा एक क्लॅम्प सोबत आणावा. आमचा मंडपाच्या प्लॅस्टिकच्या टेबलावर आवळताना तुटला आहे.