आरपीएम वाढवतोय पण लिमिटिंग करंट (व्होल्टेज बदललं तरी पुढे न वाढणारा कमाल करंट) वाढेना, आरडीईवाले (फिरत्या डिस्कचा इलेक्ट्रोड वापरणारे) कोणी आहात का?

कोथरूडकर_एमएस्सी
मंडळी मदत करा. प्रोजेक्टसाठी ग्लासी कार्बनच्या डिस्कवर प्लॅटिनम-कार्बन कॅटॅलिस्ट लावून ०.१ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात) ऑक्सिजन रिडक्शन करतोय. ४०० आरपीएमला २.८ मिलिअँपिअर (दर चौ. सेंमी.), ९०० ला ४.१, इथपर्यंत ठीक, पण १६०० ला ४.६ आणि २५०० ला जेमतेम ४.७! लेविचच्या सूत्राप्रमाणे लिमिटिंग करंट स्पीडच्या वर्गमुळाने वाढतो ना, म्हणजे चौपट स्पीडला दुप्पट, ५.६ तरी यायला हवा होता. मोटर गेली असेल का? तीन दिवस यातच गेले.

पाषाणची_ताई
मोटरला लगेच दोष नको देऊस रे. फिरणारी डिस्क म्हणजे पंपच, खालचं द्रावण मधोमध वर ओढते आणि कडेने बाहेर फेकते. पृष्ठभागाला चिकटलेला पातळ थर मात्र राहतोच, त्यातून ऑक्सिजन डिफ्युजननेच येतो. १६०० ला हा थर साधारण १५ मायक्रॉन, ४०० ला दुप्पट, आणि अख्ख्या डिस्कवर सारखाच जाड, म्हणून तर हे तंत्र मला इतकं आवडतं. पण ती ओढ बुडबुडेही खेचते! ऑक्सिजनची नळी डिस्कच्या खाली आहे का? स्पीड वाढला की बुडबुडा मधोमध येऊन बसतो आणि तेवढी जागा बाद. रीडिंग घेताना नळी वर उचल, गॅस द्रावणाच्या वरून सोड.

औंध_लॅब
ताईंना अनुमोदन. शिवाय प्लॅटो (आलेखातला लिमिटिंग करंटचा भाग) सपाट आहे का तेही बघ, तिरका असेल तर कायनेटिक्सही (रिॲक्शनचा स्वतःचा वेग) आडवं येतंय, मग लेविच सोडून तोही धरणारं कौटेकी-लेविच समीकरण लाव, १/करंट विरुद्ध १/√स्पीड. आणि लेविचच्या सूत्रात ०.६२ हा स्थिरांक घेतलास तर स्पीड रेडियन प्रति सेकंदात हवा (१६०० आरपीएम म्हणजे १६७.६), आरपीएम टाकायचा तर ०.२०१ घे, इथे भलेभले फसतात. सगळे स्पीड एकाच बैठकीत उरक, एप्रिलच्या दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये ऑक्सिजन सकाळपेक्षा कमी विरघळतो.

कोथरूडकर_एमएस्सी
ताई, नळी खालीच होती!! डिस्क उचलून बघितली तर मधोमध मोहरीएवढा बुडबुडा. पुसून, नळी वर घेऊन पुन्हा लावलं, १६०० ला ५.५ आला. औंध_लॅब, प्लॅटो सपाट आहे. आता २५०० लावतो.