बाँडमध्ये 'रुपयाही हलत नाही' म्हणे!

अमळनेरकर
काल इथे एका महाशयांनी लिहिलं, "शेअर बाजार म्हणजे सट्टा. एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहा हप्ता) मोडा, सगळं बाँडमध्ये टाका, तिथे रुपयाही हलत नाही." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

हलतो हो! बाँड म्हणजे ठरलेल्या व्याजाने दिलेलं कर्ज. दहा वर्षांचा 7 टक्के व्याजाचा सरकारी बाँड 100 रुपयांना घेतलात आणि लगेच तसाच बाँड 8 टक्के व्याजाने मिळायला लागला, तर तुमचा जुना 100 ला कोण घेईल? 93 च्या आसपास भाव येतो. मुदतीपर्यंत धरला तर 100 परत. मधेच पोरीचं लग्न निघालं तर फरक तुमच्या खिशातून. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहावर नेला. व्याज चढलं की जुन्या बाँडचा भाव पडतो; लांब मुदतीच्या डेट फंडवाल्यांना (बाँडमध्ये पैसे लावणारे फंड) विचारा तेव्हा काय वाटलं ते.

राहिला सट्टा. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के पडून 26 हजारांखाली आला, वर्षअखेरीस 47 हजारांवर. हात पोळले मधे विकणाऱ्यांचे. मीही त्यातलाच, 24 ला सकाळी विकून मोकळा झालो.

निवृत्त मास्तर, धुळे
तळाला विकणारा आम्हाला शिकवणार! माझे पैसे बाजारात नाही, गावच्या पतसंस्थेत गेले. 13 टक्के म्हणाले होते. पावती अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे, दरवर्षी पिशवी बदलतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला नसतो, हे तेव्हा एकाही संचालकाने सांगितलं नाही.

केळीवाला, रावेर
काय सांगी राहिना भो! सकाळी बोर्डावर एक भाव, गाडी भरेपर्यंत दुसरा, आणि वादळ आलं की बाग आडवी. चढउतार आम्हाला शिकवू नका. घरात पैसा आला की सोनं. जळगावचा सराफ बाजार जवळ असताना बाँड कशाला? सोनं ते सोनंच शे.

जळगावची सून
दादा, सोनं कधी मोडलंय का? सासूबाईंच्या आजारपणात त्यांची पोत मोडायला गेले. सराफाने मणी-दोरा वेगळा केला, काट्यावर ठेवली, वरून घट धरली. घरी 42 ग्रॅम समजत होतो, पैसे 36 चे मिळाले. घडणावळ तर घेतानाच गेली होती.

केळीवाला, रावेर
वहिनी, बिस्किट घ्यायचं होतं, पोत नाही. तुमची चूक सोन्यावर ढकलू नका.

जळगावची सून
बिस्किट गळ्यात घालून लग्नाला जाऊ का? सरकारचे सुवर्ण रोखे होते ना, सोन्याच्या भावाने पैसे परत देणारे कागद! नोव्हेंबर 2015 चे पहिले 2,684 रुपये ग्रॅमने निघाले, 2023 ला 6,132 ने परत केले, वर दरसाल पावणेतीन टक्के व्याज. घट नाही, घडणावळ नाही.

केळीवाला, रावेर
आणि फेब्रुवारी 2024 नंतर नवे काढलेच नाहीत. सरकारला परवडले नाहीत, म्हणजे खरे कोण ठरले? सोनं घेणारे आम्हीच!

अमळनेरकर
अरे धागा बाँडचा आहे, सराफ्याचा नाही!! मास्तर, तुमच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बचत रोखे. व्याज पोस्टाच्या एनएससीपेक्षा (राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र) 0.35 टक्के जास्त, दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतं. पैसे 7 वर्षं अडकतात, वयस्करांना थोडे आधी काढता येतात. बाजारात विकताच येत नाहीत, म्हणून भावही हलत नाही. तेवढ्यापुरते कालचे महाशय बरोबर. झालं समाधान?

निवृत्त मास्तर, धुळे
समाधान नंतर. व्याज कधी जमा होतं?

अमळनेरकर
1 जानेवारी आणि 1 जुलै. थेट खात्यात.

निवृत्त मास्तर, धुळे
फॉर्म बँकेतच मिळतो ना? तुमच्या ओळखीचा एजंट मात्र पाठवू नका.