वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिथियम बॅटऱ्या एकत्र जोडाव्यात का?

उन्हातला (धागाकर्ता)
घरच्या सोलरला लिथियम बॅटरी लावली की काही वर्षांत ती कमी पडू लागते. तोवर तिचं मॉडेल बंद झालेलं असतं, किंवा त्याच कंपनीची नवी बॅटरी आतून वेगळीच निघते. मग शेजारी दुसऱ्या कंपनीची बॅटरी पॅरललमध्ये जोडावी का? बहुतेक विक्रेते सरसकट नाही म्हणतात. मला हे पटत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.२ व्होल्टचा. असे १६ सेल सिरीजमध्ये घेतले की ५१.२ व्होल्ट होतात. दोन्ही बॅटऱ्या अशाच असतील तर पॅरललमध्ये दोघींवर एकच व्होल्टेज राहणार आणि करंट आपापल्या रेझिस्टन्सप्रमाणे वाटला जाणार. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीशेजारी २०० ची लावली, तरी मोठी जास्त देते आणि छोटी कमी. रसायन एक आणि सेलची संख्या एक असली, तर डब्यावरच्या नावाने काय फरक पडतो? चांगली चालणारी बॅटरी निव्वळ जोडीदार मिळत नाही म्हणून काढून टाकायची, याला माझा विरोध आहे.

फ्यूजवाला
माझा ठाम विरोध. तुम्ही सेलचा विचार केलात, बीएमएसचा (बॅटरीतल्या प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा) केला नाहीत.

कॅन केबलने (बीएमएसचे आकडे इन्व्हर्टरला पोहोचवणाऱ्या केबलने) जोडलेली बॅटरी इन्व्हर्टरला सतत सांगत असते की अमुक व्होल्टपर्यंत चार्ज कर, अमुक अँपिअरच्या वर जाऊ नकोस. एका कंपनीच्या चार बॅटऱ्या असल्या तरी त्यांच्यातली एक मास्टर होते आणि चौघींचा हिशोब एकत्र करून देते. दुसऱ्या कंपनीची बॅटरी त्या हिशोबात येतच नाही. मास्टर ३० टक्क्यांवर आहे म्हणून १०० अँपिअर मागते, आणि शेजारची ९५ टक्क्यांवर असते. तिचा एखादा सेल ३.६५ व्होल्टला पोहोचला की तिचा बीएमएस चार्जिंग तोडतो. आता सगळा करंट एकटीवर.

डिस्चार्जला हे जास्त महागात पडतं. घराचा लोड ५ किलोवॅट म्हणजे ५० व्होल्टला सुमारे १०० अँपिअर. दोघी मिळून तो ओढत असताना एकीचा कमजोर सेल खाली गेला आणि ती सुटली (बीएमएसने तिला तोडलं), तर दुसरीवर एका झटक्यात पूर्ण १०० अँपिअर येतात. तिचं रेटिंग ८० असेल तर काही वेळात तीही सुटते आणि घर अंधारात. आणि भर दुपारी पूर्ण करंटने चार्ज होताना दोघी सुटल्या, तर त्या क्षणी पॅनेलकडून येणाऱ्या पॉवरला जायला जागाच उरत नाही. डीसी बाजूचं (बॅटरीकडचं) व्होल्टेज उसळतं आणि इन्व्हर्टरचा बळी जाऊ शकतो.

उन्हातला
मुद्दे खरे आहेत, पण उत्तर सेटिंगमध्ये आहे. कॅन केबल काढा आणि इन्व्हर्टर व्होल्टेजवर चालवा. १६ सेलला चार्ज ५५.२ व्होल्ट, म्हणजे सेलमागे ३.४५. फ्लोट, म्हणजे भरल्यावर धरून ठेवायचं व्होल्टेज, ५३.६. खालची मर्यादा ४९-५० च्या आसपास. ३.४५ ला थोडा वेळ धरलं तर हे सेल जवळपास पूर्ण भरतात.

करंटचा नियम मी याहून कडक ठेवतो. चार्जिंगची मर्यादा दोघींपैकी लहानीला एकटीला झेपेल एवढीच. लोडही तसाच. मग एक सुटली तरी दुसरी कोसळत नाही. दुसऱ्या बॅटरीने तुम्हाला युनिट जास्त मिळतात, किलोवॅट जास्त मिळत नाहीत, हे आधीच मान्य करायचं. घराला बहुतेक वेळा युनिटच हवे असतात. पंप आणि ओव्हन एकदम चालवण्यापेक्षा रात्रभर पंखे आणि फ्रिज चालणं महत्त्वाचं.

नवखा
माझ्या दोन्ही बॅटऱ्यांवर "४८ व्होल्ट" लिहिलंय. कंपन्या वेगळ्या. म्हणजे जोडायला हरकत नाही ना?

तारजोड
थांबा, घाई करू नका. बाजारात १५ सेलची आणि १६ सेलची, दोन्ही बॅटऱ्या ४८ म्हणून विकल्या जातात. १५ सेलची खरोखर ४८ ची, १६ ची ५१.२ ची. वर सांगितलेले ५५.२ व्होल्ट १५ सेलवर टाकले तर सेलमागे ३.६८ होतात, म्हणजे ३.६५ च्या कमाल मर्यादेच्या पुढे. रोज बीएमएस तोडणार, रोज जोडणार. असा संसार होत नाही. मॅन्युअलमध्ये पूर्ण चार्जचं व्होल्टेज बघा. सेल किती आहेत ते त्यावरूनच कळेल.

रसायन वेगळं असेल, म्हणजे एक आयर्न फॉस्फेट आणि दुसरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), तर विचारसुद्धा करू नका. आणि वेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये कधीच नाही. एकीचा बीएमएस सुटला की त्याच्या मॉसफेटवर (जोड-तोड करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) पूर्ण साखळीचं व्होल्टेज येतं, ते सोसायला तो बनवलेलाच नसतो.

नवखा
दोन्ही १६ सेलच्या निघाल्या. मल्टिमीटरवर दोघींचं व्होल्टेजही सारखं, ५२.९. आता?

तारजोड
सारखं व्होल्टेज म्हणजे सारखा चार्ज नव्हे. या सेलचा आलेख मधल्या भागात जवळपास सपाट असतो, त्यामुळे व्होल्टचा बारीकसा फरकही चार्जमध्ये मोठी तफावत दाखवतो. भरवशाची जागा एकच, पूर्ण भरलेली अवस्था. दोघींना स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करा, काही तास विसावू द्या आणि मग जोडा. फरक १ व्होल्टचा असेल आणि दोघींचा आणि तारांचा मिळून रेझिस्टन्स २५ मिलिओहम धरला, तर जोडताच ४० अँपिअर एकीतून दुसरीत धावतात.

प्रत्येकीला बसबारपर्यंत (सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंत) स्वतंत्र तार, दोन्ही तारा एकाच लांबीच्या आणि जाडीच्या. प्रत्येकीला स्वतंत्र डीसी आयसोलेटर (हाताने तोडायचा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज. फ्यूज क्लास-टी घ्या. शॉर्ट झाला तर या बॅटऱ्या हजारो अँपिअर ओततात. साधा फ्यूज वितळला तरी आत ठिणगी चालूच राहू शकते.

फ्यूजवाला
तारजोड यांचं प्रत्येक वाक्य मान्य. पण उन्हातला, तुमच्या ५५.२ वर मी समाधानी नाही. ती १६ सेलची बेरीज आहे. पंधरा सेल ३.४४ च्या खाली आणि एक ३.६५ वर असेल तरी बेरीज ५५.२ च येते. इन्व्हर्टरला सगळं आलबेल दिसतं. आत काय चाललंय ते फक्त बीएमएसला ठाऊक असतं, आणि त्याचीच केबल तुम्ही काढायला सांगताय. मग त्याच्या हातात एकच उपाय उरतो, तोडणं. मॉसफेट ही शेवटची तटबंदी आहे, रोजच्या कामाचा स्विच नाही.

जुनी-नवी जोडीही सांगतो. जुन्या बॅटरीचा रेझिस्टन्स वाढलेला असतो. सुरुवातीला नवी बहुतेक लोड उचलते. तिचं व्होल्टेज शेवटी उतरू लागलं की उरलेला भार जुनीवर सरकतो. म्हणजे थकलेल्या बॅटरीला सगळ्यात अवघड तास मिळतो. शिवाय कंपन्यांची मॅन्युअल वाचा, दुसऱ्या ब्रँडबरोबर जोडू नये असं त्यात बहुधा असतं. वॉरंटी गेली की एका सेलसाठी अख्खी बॅटरी तुमच्या गळ्यात.

रातवारा
दोघांच्या मधला मार्ग आहे. छोट्या कॉम्प्युटरवर दोन्ही बीएमएसचा डेटा घ्या, क्षमता एकत्र धरा आणि दोघींपैकी जिची मर्यादा आधी येते तीच इन्व्हर्टरला कळवा. असं मोफत सॉफ्टवेअर लोक वापरतात. किंवा दोन इन्व्हर्टर, प्रत्येकाला आपली बॅटरी. डीसी बाजूला संबंधच नको. स्वतः जागं राहण्यासाठी दुसरा इन्व्हर्टर चोवीस तास थोडी वीज खातो, तेवढं सोसायचं.

फ्यूजवाला
दोन इन्व्हर्टर मला मान्य. छोट्या कॉम्प्युटरला एक अट: तो हँग झाला तर इन्व्हर्टरने चार्जिंग थांबवलंच पाहिजे. संपर्क तुटल्यावर जुन्याच मर्यादेवर चालत राहणारा इन्व्हर्टर असेल तर नको.

उन्हातला
ही अट योग्य आहे. पण साध्या घरात कॉम्प्युटर सांभाळणार कोण? माझा पर्याय सावकाश चालतो आणि साधा आहे. ३.४५ वर एक सेल ३.६५ ला पळत असेल तर तो असमतोल त्या बॅटरीचाच दोष. ती एकटी असती तरी हेच झालं असतं.

फ्यूजवाला
एकटी असती तर कॅनवरून करंट कमी करा म्हणाली असती आणि तो सेल समतोलात यायला वेळ मिळाला असता. तुमच्या जोडणीत ती फक्त सुटू शकते. दोन्ही बीएमएसचे सेलनिहाय आकडे चार्ज संपत असताना घेऊन इथे टाका. सगळ्यात वरच्या आणि खालच्या सेलमधला फरक महिनोन् महिने ३०-४० मिलिव्होल्टच्या आत राहत असेल, तर तुमच्या यंत्रणेपुरता मी विरोध मागे घेईन. नवखा यांना मात्र आजही दोन इन्व्हर्टरच सुचवेन.