हर-२ प्रथिन, गाठीची वाढ आणि प्रसार

प्रश्न
माझ्या मावशींच्या स्तनातील गाठीच्या बायॉप्सी अहवालात ‘हर-२: २+, फिश चाचणी करावी’ असा शेरा आहे. हे प्रथिन निरोगी पेशींवरही असते, असे वाचनात आले. मग तेच कर्करोगाला कारणीभूत कसे ठरते, आणि आजार इतर अवयवांत पसरण्याशी त्याचा संबंध काय?

प्रतिसाद १
दोष प्रथिनात नसून बहुतेक वेळा त्याच्या संख्येत असतो. निरोगी पेशीत त्याच्या जनुकाच्या दोनच प्रती असतात, १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या जोडीवर एकेक. परंतु सुमारे १५ ते २० टक्के स्तनकर्करोगांत या प्रती वाढून पेशीच्या पृष्ठभागावर हर-२ची दाटी होते. त्याच्या कुळातील इतर ग्राहक-प्रथिने (पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरचे संदेश टिपणारी प्रथिने) बाहेरून संदेशवाहक रेणू येऊन चिकटला की मगच जोडी जमवतात. हर-२ मात्र अशा रेणूची वाट न पाहता कायम जोडीसाठी सज्ज असते, आणि त्याच कुळातील हर-३ हा त्याचा विशेष प्रभावी जोडीदार आहे. दाटी झाली की जोड्या आपसूक जुळतात व विभाजनाचा आदेश पेशीत अखंड पोहोचत राहतो. जादा प्रती असलेल्या रुग्णांत आजार लवकर उलटतो, हे कर्करोग-संशोधक डेनिस स्लॅमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले.

प्रतिसाद २
वरील खुलासा वाढीपुरता झाला. प्रसार हा वेगळा प्रश्न आहे आणि माझ्या मते अधिक अवघड. हेच आदेश पेशींची एकमेकींवरील पकड सैल करतात आणि त्यांची हालचाल वाढवतात. मेंदूत प्रसार होण्याचे प्रमाण या प्रकारात अधिक दिसते. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे हर-२ला रोखणारे औषध म्हणजे आकाराने मोठे प्रतिपिंड (अँटिबॉडी) असल्याने रक्तातून मेंदूत फारसे शिरत नाही. परिणामी, इतरत्र आजार आटोक्यात असतानाही मेंदूत गाठ आढळू शकते. मेंदूत अधिक शिरू शकणाऱ्या टुकाटिनिबसारख्या लहान रेणूंच्या औषधांना म्हणूनच महत्त्व आले.

प्रतिसाद ३
२+ म्हणजे ‘आहे’ही नव्हे आणि ‘नाही’ही नव्हे. २+ हा आकडा देणारी रंगचाचणी प्रथिन दाखवते, तर फिश जनुकाच्या प्रती मोजते, त्यामुळे तिच्या निकालाआधी उपचारांचा तर्क करू नये. फिश नकारात्मक आली तरी हा शेरा जपून ठेवावा, कारण आजार पसरलेल्या अशा ‘अल्प हर-२’ रुग्णांनाही ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनचा (ट्रास्टुझुमॅबला पेशीनाशक औषध जोडून केलेल्या औषधाचा) लाभ होतो, हे २०२२ मध्ये दिसून आले आहे.