मदत हवी आहे : भजनी मंडळाच्या अँपवर (अँप्लिफायरवर) गिटार जोडली की हमिंग येतं

नमस्कार राजेहो,

दारव्ह्याकडचा आहो. तूर घरी आली, आता रात्री समाजमंदिरात गिटार घेऊन बसतो. हनुमान जयंतीच्या कार्यक्रमात पिंक फ्लॉइड बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर याचं '५ ए.एम.' वाजवायचं कबूल करून बसलो. २०१५ च्या त्याच्या 'रॅटल दॅट लॉक' अल्बमची सुरुवातच या तुकड्याने होते. शब्द नाहीत, गिटारच गाते. जुलै २०१६ मध्ये याच अल्बमच्या दौऱ्यात गिल्मोरने इटलीतल्या पॉम्पेईच्या जुन्या अँफिथिएटरात दोन रात्री कार्यक्रम केला, तेव्हाही पहिलं हेच. १९७१ मध्ये पिंक फ्लॉइडने तिथेच प्रेक्षकांविना चित्रीकरण केलं होतं.

(शीर्षकगीताची धून फ्रान्समधल्या रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेआधीच्या चार सुरांवरून घेतली आहे, ते गिल्मोरने मोबाईलवर टिपले होते. आमची शकुंतला रेल्वे बंद पडली. अन् चालू असताना तरी घोषणा कुठली, नुसती शिट्टी.)

तर अडचण अशी. गिटार जुनी, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक-गुंडाळं). मंडळाच्या अँपच्या माईकच्या भोकात लावली की घूंऽऽ चालू. तारांना हात लावला की कमी, सोडला की जास्त. रात्री थ्री फेज आली, शेतातले पंप चालू झाले की बघायलाच नको. तार ओढून सूर लांबवला की दोन सेकंदांत तो हमिंगमध्ये बुडून जाते. परवा गाताना ओठाला माईकचा झटकाही बसला. नवीन पिकअप घ्यावे का? खिशात दोनेक हजार आहेत.

प्रतिसाद १ (मंडपात साउंडची कामं करतो)

भाऊ, पिकअप राहू द्या, आधी तो झटका बघा. बोर्डाच्या तिसऱ्या भोकात अर्थिंगची वायर आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. तोवर गिटार अन् माईक एकत्र धरू नका. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, उन्हाळ्यात आपल्याकडे हमखास पडते. त्यात पाणी ओता. थ्री पिनची मोठी पिन मात्र कोणी कितीही सांगितलं तरी काढू नका.

मग अँपपासून लांब व्हा अन् गिटार हातात धरून गोल फिरून पाहा, एका दिशेला हमिंग कमी होईल. गिटारचा पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या खाचेत टाका, बऱ्याच गिटारींत तिथे ते मरते. माईकच्या भोकात गिटारचा आवाज दबतो, मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माईकच्या भोकाला जुळवणारी डबी) लावा.

धागाकर्ता

वायरमन येऊन गेला. वायर होती, पण खड्ड्यात ढेकळं. तीन बादल्या पाणी ओतलं, आता झटका नाही. चौथ्या खाचेत, मारुतीकडे पाठ केली की हमिंग जवळपास गायब. पुजारीबुवांना ते पटलं नाही. दोन हजारात चालेल असा डीआय बॉक्स कोणता?