स्वतःचं घर असलं तरी कायदा आहेच

"सिंगापूरला आपल्याच फ्लॅटमध्ये बिनकपड्यांनी वावरलं तर कोण विचारतो?" असं काहींना वाटतं. विचारतात! तिथल्या सार्वजनिक सुव्यवस्था आणि उपद्रव यांविषयीच्या कायद्याच्या (Miscellaneous Offences Act) कलम २७अ नुसार खासगी जागेतही बाहेरच्यांना नग्न दिसलात तर २,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

म्हणून आधी खिडक्या झाका. काचेला लावायची आरशासारखी फिल्म दिवसाच कामाची. रात्री आत दिवे लागले की बाहेरून सगळं लख्ख दिसतं. विरळ पडद्यांचंही तेच. दुधी फिल्म लावा: काचेवर साबणाचं पाणी फवारायचं, रबरी पट्टीने मधून कडेकडे बुडबुडे काढायचे. कॉरिडॉरकडची खिडकी हमखास राहून जाते. दिवे लावून बाहेरून स्वतः बघून या. दाराजवळ लुंगी टांगलेली असू द्या. आणि घरकामाला बाई असेल तर तिच्यासमोर अजिबात नको, तिला नोकरी सोडणं सोपं नसतं.