ब्रेक स्विच नवा घातला तरी पी ०५०४ कोड जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची डिझेल सेदान, मॅन्युअल गिअर, क्रूझ कंट्रोल आहे. राहतो डिचोलीत, रोज पणजीला ये-जा आणि मधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव.

पाऊस सुरू झाल्यापासून चेक लाईट येते-जाते, क्रूझ लागत नाही आणि सगळ्यात वाईट म्हणजे घाटात चढावर मध्येच पिकअप मरतो, अॅक्सिलरेटर दाबून ठेवला तरी गाडी ढिम्म, मागे ट्रक हॉर्न मारतोय आणि आपण दुसऱ्या गिअरवर रडतखडत, मग जरा वेळाने आपोआप बरी होते. उन्हात काही म्हणजे काही नाही. स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर लावला तर पी ०५०४, म्हणजे ब्रेक स्विचच्या ए आणि बी सिग्नलचा मेळ बसत नाही.

गॅरेजवाल्याने कोड ऐकला आणि मीटर न लावताच स्विच बदलला. ऊन होतं तोवर गाडी छान चालली, पाऊस आला तसं परत तेच. आता म्हणतो ओलावा शिरलाय, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदलू, नाहीतर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) बघू. ईसीएमचा भाव ऐकून मी चहा न पिताच निघालो. फ्यूज बघितला, ठीक आहे. पेडल दाबलं की मागच्या काचेतली तिसरी ब्रेकलाईट झक्क लागते. माझ्याकडे मल्टीमीटर आहे, वापरता येतो, फक्त कुठे काय मोजायचं ते सांगा. गणेश चवथीला गावी माणसं न्यायची आहेत, त्याआधी मिटलं तर बरं.

फोंडेकर: आधी पेडलच्या ब्रॅकेटवरचं छोटं रबर बघा, ज्यावर स्विचचा दांडा टेकतो. ते कुजून पडलं की स्विचला वाटतं पेडल कायम दाबलेलंच आहे. तुकडे खाली मॅटवर सापडतात. नवा स्विच बसवताना काही गाड्यांत पेडल पूर्ण दाबून ठेवून स्विच आत ढकलायचा असतो आणि मग पेडल हळू सोडायचं, दांडा आपली जागा आपणच धरतो. तो एकदाच सेट होतो, काढून परत घातला तर नीट बसेलच असं नाही.

मोजायचं म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत चार पिना असतात. एक जोडी पेडल दाबलं की जुळते, तीच ब्रेकलाईटला जाते, दुसरी दाबलं की तुटते, ती फक्त ईसीएमसाठी. एक आली की दुसरी गेली पाहिजे, दोन्ही एकदम आल्या की पी ०५०४. कपलर, म्हणजे स्विचला लागणारा वायरींचा प्लग, लावलेलाच ठेवा आणि मागून बारीक पिन घालून मोजा. पुढून प्रोब खुपसला की पिना सैल होतात, मग नवीनच दुखणं.

डिचोलीकर (धागाकर्ता): रबर शाबूत आहे. पिना मोजल्या, पेडल दाबल्यावर एक जोडी येते, दुसरी जाते, अगदी तुम्ही सांगितलं तसं. म्हणजे स्विच चांगला? मग कोड कशाला?

जुना वायरमन: भाऊ, ही मोजमापं दिवसा केली ना, लाईट बंद ठेवून? तुम्ही ओलाव्याच्या मागे लागलात, पण पावसात आपण आणखी एक गोष्ट करतो, भर दुपारी पार्किंग नाहीतर हेडलाईट लावतो. चोर्ल्याच्या धुक्यात तर लावावीच लागते. आता असं करा. इग्निशन ऑन, पार्किंग लाईट ऑन, पेडलला पाय लावू नका आणि स्विचमधून ब्रेकलाईटला जाणाऱ्या वायरवर व्होल्ट मोजा. शून्य यायला पाहिजे. मग कोणाला तरी मागे उभं करून पार्किंग लावूनच ब्रेक दाबा आणि दोन्ही दिवे कसे वागतात ते विचारा.

डिचोलीकर: अहो, पेडल न दाबता ७.४ व्होल्ट! पार्किंग बंद केलं की शून्य. मुलाला मागे उभं केलं होतं, तो म्हणतो पार्किंग लावलं की वरची तिसरी लाईट मिणमिणते. ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा पूर्ण विझतो, उजवीकडे फक्त पार्किंग, ब्रेकचा उजेडच नाही. एवढे दिवस मागच्यांना माझा ब्रेक त्या वरच्या लाईटवरच कळत होता म्हणायचा.

जुना वायरमन: मग सापडलं. डावीकडच्या टेललॅम्पचा अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर, गेलाय. तिथे २१/५ वॅटचा, ब्रेक आणि पार्किंग अशा दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो, दोघांना अर्थ एकच. तो तुटला की पार्किंगचा करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा फिरून ब्रेकच्या वायरवर चढतो. उजवीकडचा ब्रेक बल्ब शाबूत असता तर हा करंट त्यातून अर्थला गेला असता आणि वायरवर जेमतेम काही दशांश व्होल्ट दिसले असते. तो उडालाय, म्हणून वायरवर सात व्होल्ट राहतात. ईसीएमला वाटतं ब्रेक दाबलाय, दुसरी जोडी सांगते नाही दाबला. त्यात ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदम दाबले असं दिसलं की बऱ्याच गाड्या मुद्दाम ताकद कापतात. घाटातला पिकअप तिथे जातोय.

डावा होल्डर काढा. पार्किंग चालू ठेवून होल्डरच्या अर्थ पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्ट मोजा, ०.१-०.२ च्या वर नको. ओहमवर मोजू नका, वायरची एक तार जरी शिल्लक असली तरी मीटर ठीक दाखवतो आणि लोड आला की मार खातो. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत होल्डरच्या पिना हिरव्या पडतात, डिकीचा पत्रा जिथे गंजतो तिथला अर्थचा बोल्टही बघा. टेललॅम्पचं रबर चिरलं असेल तर पाणी तिथूनच येतं.

डिचोलीकर: पिन हिरवीच होती, हात लावला तर मोडून हातात आली. नवा होल्डर, बोल्टखाली घासून चकचकीत केलं, दोन्ही बाजूंना नवे बल्ब. पार्किंग लावून ब्रेकच्या वायरवर आता शून्य, अर्थवर ०.०४. कोड क्लिअर केला, काल रात्री भर पावसात साखळी गावापर्यंत जाऊन आलो, चेक लाईट नाही, क्रूझ लागला. एलईडी बल्ब घालू का, परत जळायला नकोत?

फोंडेकर: नको. काही गाड्यांत गाडीचा कॉम्प्युटर बल्बचा करंट तपासतो, एलईडी घातला की बल्ब उडालाय म्हणून वेगळाच कोड येतो. साधे २१/५ ठेवा, आणि चवथीला निघायच्या आदल्या रात्री एकदा मुलाला मागे उभं करा.